ज्युनियरसमोर "माझं चुकलं" म्हणायचं की नाही?

कॉलम_बीम (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. लांबलचक होणारे.

मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये आहे, १९ वर्षं झाली. ऑफिस माझं आणि पार्टनरचं, आम्ही दोघं धरून अकरा जण. गेल्या महिन्यात एका बिल्डिंगच्या स्लॅबची ड्रॉइंगं साइटवर जायची होती आणि मी भलत्याच कामाच्या कॅल्क्युलेशनमध्ये मान खाली घालून बसलो होतो. आमची ट्रेनी, जेमतेम सात महिने झालेत तिला, टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, या बाल्कनीचं मेन स्टील खाली दाखवलंय. वर पाहिजे ना?" मी वर बघितलंही नाही. म्हटलं, "तो कॅन्टिलिव्हर नाहीये गं, दोन्ही बाजूंना बीम आहेत, त्यावर बसलाय स्लॅब. नीट बघत जा." ती "ओके सर" म्हणून गेली.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन्हीकडून टेकू असलेला स्लॅब मधे खाली वाकतो, म्हणजे ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून मेन सळया खाली. एकाच बाजूने धरलेला, पुढे लोंबकळणारा स्लॅब (म्हणजेच कॅन्टिलिव्हर) असेल तर बरोब्बर उलटं, ताण वरच्या अंगाला, मेन सळया वर. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. सळया चुकीच्या बाजूला पडल्या तर स्लॅब भरताना काहीच कळत नाही, खालून सेंट्रिंगचा आधार असतो ना. कळतं ते सेंट्रिंग काढल्यावर.

तर झालं असं होतं की माझ्या डोक्यात दुसरी रिव्हिजन होती. तिसऱ्या रिव्हिजनमध्ये आर्किटेक्टने ते बाजूचे बीम उडवले होते. मेल मलाच आला होता, "नोटेड" असं उत्तरही मीच दिलं होतं.

नऊ दिवसांनी साइटवरून फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब भरायचा होता. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, स्टीलचा फिटर अडून बसलाय, म्हणतोय बाल्कनीला वरची जाळीच नाही, असं मी बांधणार नाही, साहेबांना विचारा." मी ड्रॉइंग उघडलं आणि खरं सांगतो हातपाय गार पडले.

निस्तरलं सगळं. स्लॅब चार दिवस पुढे गेला, नवीन ड्रॉइंग दिलं, कुणाला खरचटलंही नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही चूक माझी, हिने नऊ दिवस आधी विचारलं होतं आणि मी न बघता उडवून लावलं.

संध्याकाळी पार्टनरने केबिनमध्ये घेतलं. "अरे, चूक मान्य कर, माझ्याकडे कर, पण पोरांसमोर कशाला? उद्या प्रत्येक ड्रॉइंगवर प्रत्येक जण शंका काढत बसेल. आणि क्लायंटच्या कानावर गेलं तर? लोक आपल्याकडे खात्री विकत घ्यायला येतात." माणूस वाईट नाही हो, २२ वर्षांची दोस्ती आहे. पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. त्याचं चुकलं की माझं?

लिंबूटिंबू:

रुमाल टाकून ठेवतो. त्या "नोटेड"ने काळजाला हात घातला, दिवसातून वीस वेळा टाईप करतो मी ते.

तिरकीतान:

पार्टनरची बाजू कुणीतरी घ्यायला पाहिजे म्हणून मी घेतो. नम्रता वगैरे सगळं ठीक, पण प्रोफेशनल माणसाच्या खात्रीची एक किंमत असते. ऑपरेशनच्या टेबलावर पडल्या पडल्या सर्जन म्हणाला "बघू या, माझंही चुकू शकतं", तर तुम्ही उठून पळाल. वकील म्हणाला "केस काहीही होऊ शकते", तर दुसरा वकील शोधाल. लीडरचं निम्मं काम म्हणजे इतरांची धाकधूक स्वतःच्या अंगावर घेणं. सगळ्यांसमोर कबुली दिलीत, तुम्हाला हलकं वाटलं, पण ते ओझं गेलं कुठे? त्या नऊ पोरांच्या डोक्यावर. आता ती प्रत्येक ड्रॉइंगकडे संशयाने बघणार.

रात्रपाळी:

ड्रॉइंगकडे संशयाने बघितलं तर वाईट काय आहे यात, हे मला कळलं नाही :)

मी आयसीयूमध्ये नर्स आहे, चौदा वर्षं. तिरकीतान, तुमचं सर्जनचं उदाहरण पेशंटच्या बाजूने बरोबर आहे, टेबलाच्या आमच्या बाजूने नाही. आमच्याकडे दोन सीनियर डॉक्टर होते, एकाच वयाचे, हुशारीला दोघेही सारखेच. रात्री तीनला एकाला फोन केला की पहिलं वाक्य यायचं "बरं केलंस फोन केलास, बोल". मग पेशंटला काही झालेलं नसलं तरी आवाजात फरक नाही. दुसऱ्यांना केला की "हे सकाळी नसतं सांगता आलं का?" आता सांगा, पेशंट किंचित घामाघूम वाटतोय, बीपी अजून ठीकठाक आहे, नुसती मनाला शंका आहे, अशा वेळी कुणाला फोन जाईल? पहिल्यांना लगेच गेला असता. दुसऱ्यांना आम्ही बीपी पडेपर्यंत थांबायचो. मुद्दाम नाही हो. हात फोनकडे जायचाच नाही.

एकदा त्या दुसऱ्यांच्या ऑर्डरमध्ये दशांश चिन्ह इतकं पुसट होतं की डोस दहापट वाचला जात होता. नवीन मुलीने विचारलं तर "मी लिहिलंय ना?" एवढंच उत्तर. तिने माझ्याकडे बघितलं, मी पुन्हा विचारलं तेव्हा कुठे कागद हातात घेतला. कागद हातात घ्यायला लागतात तीन सेकंद. तीन.

तेव्हा धागाकर्ते, तुम्ही मीटिंगमध्ये काय बोललात ते मला तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. "मान वर केली नाही" हे जे लिहिलंय ना, मला तिथे अडखळायला झालं.

घटपट:

रात्रपाळी यांच्या पोस्टला जोड. एमी एडमंडसन म्हणून संशोधक आहेत, १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्स आणि औषध देण्यातल्या चुका यांचा अभ्यास केला. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी. आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! नंतर उलगडा झाला की चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या सतरंजीखाली. म्हणजे ज्या साहेबाच्या टेबलावर "सगळं व्यवस्थित" असाच रिपोर्ट येतो त्याने खरं तर घाबरायला पाहिजे.

आता धागाकर्त्यांच्याच क्षेत्रातलं एक उदाहरण देतो, तेही कॅन्टिलिव्हरचंच. कॅनडातला क्वेबेकचा पूल. सल्लागार इंजिनियर थिओडोर कूपर, राहायला न्यूयॉर्कला, त्या काळातलं पूलबांधणीतलं फार मोठं नाव. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, आधी १६०० फुटांचा होता, तो कूपर यांनी वाढवून १८०० केला. जगातला सगळ्यात लांब. गाळा वाढला म्हणजे पुलाचं स्वतःचं वजन वाढलं, पण वजनाचे जुने अंदाज तसेच पुढे चालवले, नव्याने हिशोब झाला नाही. सरकारी खात्यातून सूचना आली की आराखडे आणखी एका इंजिनियरकडून तपासून घेऊ. कूपर भडकले, माझ्यावर कोण तपासनीस? आणि सरकारनेही माघार घेतली, कारण एवढ्या मोठ्या माणसाला दुखवणार कोण. पुढे प्रत्यक्ष वजन हिशोबापेक्षा बरंच जास्त भरतंय हे कळलं तेव्हा बरंच पोलाद चढून झालं होतं, आणि "चालेल, मर्यादेत आहे" असं ठरवलं ते पुन्हा कूपर यांनीच. तब्येत बरी नसायची, त्यामुळे वरचं पोलादी काम उभं राहत असताना ते साइटवर एकदाही गेले नाहीत. तिथे त्यांचा माणूस होता नॉर्मन मॅक्ल्यूर, नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला तरुण.

ऑगस्ट १९०७ मध्ये पुलाच्या खालच्या बाजूचे, दाब सोसणारे पोलादी भाग वाकायला लागले. मॅक्ल्यूरने मोजलं, आठवड्याभरात पाऊण इंचाचं दोन इंच झालं होतं. पूल उभारणाऱ्या कंपनीची माणसं म्हणाली, ते आधीपासूनच तसं वाकडं होतं. काम थांबवायचा अधिकार पोराला नाही, निदान तो वापरायची हिंमत नाही, म्हणून तो गाडीत बसून न्यूयॉर्कला गेला, २९ ऑगस्टला कूपर यांना भेटला. कूपर यांनी लगेच तार केली, पुलावर आणखी वजन चढवू नका. तार गेली त्या कंपनीच्या कारखान्याच्या गावी, साइटवर नाही. त्याच संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पूल कोसळला. ७५ कामगार गेले, त्यांतले ३३ मोहॉक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीतले.

मला यातलं काय खटकतं सांगू? शेवटच्या दिवशी कूपर यांनी ऐकलं, बरं का. अगदी लगेच ऐकलं. पण त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी अशी व्यवस्था करून ठेवली होती की चूक दाखवणाऱ्या माणसाला त्यांच्यापर्यंत पोचायला गाडीचा प्रवास करावा लागायचा.

लिंबूटिंबू:

बाप रे. शेवटच्या वाक्याला साष्टांग.

अवांतर: कॅनडातले इंजिनियर लोखंडी अंगठी घालतात ती याच पुलाच्या लोखंडाची असते ना?

घटपट:

नाही, ती दंतकथा आहे. अंगठीची प्रथा १९२५ ला सुरू झाली, पुलाचं लोखंड वगैरे काही नाही. पूल पुन्हा बांधायला घेतला तेव्हा १९१६ मध्ये मधला भाग चढवताना तो पडला आणि आणखी १३ जण गेले. १९१७ ला झाला पुरा. ५४९ मीटरचा गाळा, कॅन्टिलिव्हर प्रकारात अजूनही जगात सगळ्यात मोठा.

तिरकीतान:

घटपट, पोस्ट उत्तम, पण एक प्रामाणिक प्रश्न विचारतो. ट्रेनीच्या दहा शंकांपैकी किती बरोबर निघतात? माझ्या अनुभवात एक, फार तर दीड. उरलेल्या साडेआठ अशा की "सर हे असं का" याचं उत्तर दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असतं. प्रत्येक वेळी पेन खाली ठेवून, मान वर करून, कागद हातात घेत बसलो तर माझं काम कोण करणार? कूपरचं सांगणं सोपं आहे कारण पूल पडला. जे पूल पडले नाहीत तिथेही कुणीतरी शंका काढलीच असेल ना, आणि सीनियरने "गप बस, बरोबर आहे" म्हटलं असेल, आणि ते खरंच बरोबर असेल. त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

कॉलम_बीम:

हा मुद्दा मला पटतो, खोटं कशाला बोलू. तिच्याच आधीच्या शंकांचा हिशोब काढला मी मनातल्या मनात. बहुतेक फुसक्या होत्या. म्हणूनच तर मान वर केली नाही. आळस नव्हता तो, सवय झाली होती, आणि ती सवय दहातल्या आठ-नऊ वेळा बरोबर निघत होती म्हणून आणखी घट्ट झाली.

अर्धवट_ज्ञानी:

यालाच डनिंग-क्रूगर इफेक्ट म्हणतात. तो ग्राफ आहे ना, सुरुवातीला थोडंसं कळलं की आत्मविश्वासाचा डोंगर, मग दरी, मग हळूहळू चढण. धागाकर्ते चढणीवर आहेत, पार्टनर अजून डोंगरावर :)

घटपट:

इथे थोडं थांबवतो, राग मानू नका. तो डोंगर-दरीचा ग्राफ डनिंग आणि क्रूगर यांच्या १९९९ च्या पेपरमध्ये नाहीच, नंतर इंटरनेटवर कुणीतरी काढला. मूळ पेपरमध्ये एवढंच होतं की चाचणीत सगळ्यात खाली आलेले विद्यार्थी, म्हणजे शंभरातल्या बाराव्या पायरीवरचे, स्वतःला बासष्टाव्या पायरीवर समजत होते. आणि सगळ्यात वरचे स्वतःला थोडं कमी धरत होते. तेही स्वतःला सरासरीच्या वरच समजत, खालचे वरच्यांपेक्षा जास्त शहाणे समजत असं नाही.

आणि हा ग्राफ आपण नेहमी दुसऱ्याला कुठेतरी बसवायलाच वापरतो, ही त्यातली गंमत.

अर्धवट_ज्ञानी:

घ्या. बौद्धिक नम्रतेच्या धाग्यावर मी पूर्ण खात्रीने चुकीचा ग्राफ सांगितला. आयडी सार्थ केला म्हणायचं. चुकलं, धन्यवाद.

लिंबूटिंबू:

धाग्यातला पहिला प्रात्यक्षिक प्रतिसाद =))

शून्यप्रहर:

सगळे उद्धट बॉसबद्दल बोलतायत. मला त्यापेक्षा जास्त त्रास नम्र बॉसने दिलाय, म्हणजे नम्र दिसणाऱ्या. आमच्याकडे होते एक, नाव-गाव जाऊ द्या. दर मीटिंगची सुरुवात "मला यातलं काही कळत नाही, मी तुमच्याकडून शिकायला बसलोय". मग गोल फिरून प्रत्येकाचं मत विचारायचे, वहीत लिहून घ्यायचे, खरंच लिहायचे, शेवटी वही मिटायची आणि म्हणायचे "उत्तम चर्चा झाली, तर आपण असं करू या", आणि ते "असं" आदल्या दिवशीच्या मेलमध्ये आधीच आलेलं असायचं. दोन वर्षांत एकदाही, एकदाही त्यांचं मत बदललेलं मी बघितलं नाही. आणि वाईट म्हणजे तक्रार करायची सोय नाही, कारण माणूस तर इतका नम्र! उद्धट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तेव्हापासून माझी परीक्षा एकच. या माणसाने गेल्या सहा महिन्यांत कुणाच्या तरी सांगण्यावरून आपला निर्णय फिरवलाय का? फिरवला असेल तर तो बोलताना कितीही कडक असू दे. माझी पुढची बॉस भयंकर तापट होती, आवाज चढायचा, पण अर्ध्या तासाने परत यायची आणि "तू म्हणतोयस ते बरोबर आहे, बदल ते" म्हणून निघून जायची. सॉरी वगैरे कधी नाही. तिच्या हाताखाली मी सगळ्यात जास्त शिकलो.

उंबरठा:

शून्यप्रहर +१, वहीवाले सगळीकडेच असतात.

पण मला वेगळंच सांगायचंय. "मला माहीत नाही" हे वाक्य सगळ्यांना सारख्या भावात पडत नाही. मी फायनान्समध्ये आहे, हाताखाली सहा जण. माझ्या जोडीचा मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाला "हा आकडा चेक करून सांगतो" की सगळ्यांना तो प्रामाणिक वाटतो. तेच वाक्य मी म्हटलं की समोरचा डायरेक्टर मान तिरकी करून विचारतो "तयारी झाली नव्हती का?" हे एकदा नाही, इतक्यांदा झालंय की आता मी आकडे पाठ करून जाते आणि शंका असली तरी चेहऱ्यावर दाखवत नाही. म्हणजे जो नम्रपणा माझ्यात होता तो नोकरीने काढून घेतला. तेव्हा धागाकर्ते, १९ वर्षं, स्वतःचं ऑफिस, स्वतःचा शिक्का, तुम्ही "माझं चुकलं" म्हणू शकता. तुम्हाला परवडतं, आणि परवडतंय म्हणूनच तुम्ही म्हणायला पाहिजे, कारण खालच्यांना ते परवडत नाही.

दुसरं. सगळा धागा तुम्ही आणि पार्टनर यांच्याबद्दल चाललाय. त्या मुलीशी बोललात का? मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलंत ते ठीक. पण ती नऊ दिवस गप्प का बसली, हे तिला विचारलंत?

विमानवेडा:

उशिरा आलो. हा विषय निघाला आणि विमानं आली नाहीत असं कसं होईल.

२७ मार्च १९७७, स्पेनचं तेनेरिफे बेट, धुक्यात दोन जम्बो जेट रनवेवर एकमेकांवर आदळली, ५८३ मृत्यू. ज्या विमानाने परवानगी न मिळताच धाव घेतली त्याचा कॅप्टन हा कंपनीतला जम्बोचा मुख्य प्रशिक्षक, जाहिरातीत फोटो असलेला माणूस. विमान धावायला लागलेलं असताना मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं की समोरचं विमान अजून रनवेवरून हटलं नाही का? कॅप्टन ठामपणे हटलंय म्हणाला. पुढे कुणी बोललं नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ दुसरं विमान, चाकांच्या बिघाडाकडे कॅप्टन इतका गुंतला की इंधन संपलं, इंजिनियर इंधनाचं आडून आडून सांगत होता. १० जण गेले. त्यानंतर नासाने १९७९ मध्ये परिषद घेतली आणि कॉकपिटमधल्या वागण्याचं वेगळं ट्रेनिंग सुरू झालं, आज जगभर सक्तीचं आहे.

आणि लक्षात घ्या की ते ट्रेनिंग दोन्हीकडून आहे. कॅप्टनने विचारायला शिकायचं आणि खालच्याने आडून आडून न सांगता सरळ सांगायला शिकायचं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिम (विमान वळवायची यंत्रणा ज्यांवर चालते त्या) गेलेलं विमान उतरवलं, कॅप्टन अल हेन्स. प्रवाशांत एक ट्रेनिंगवाला पायलट बसला होता, त्याला आत घेतलं आणि इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे जोर कमी-जास्त करायचे दांडे, सरळ त्याच्या हातात दिले. ३० वर्षांहून जास्त अनुभवाचा कॅप्टन! २९६ पैकी १८४ वाचले. असल्या परिस्थितीत एकही वाचला नसता तरी कुणी बोल लावला नसता.

तिरकीतान, खात्री आणि हे एकत्र राहू शकतं, एवढंच म्हणायचंय. निर्णय हेन्सच घेत होता, कॉकपिटमध्ये मतदान नव्हतं चाललं.

तिरकीतान:

हे पटलं. निर्णय एकाचा आणि माहिती सगळ्यांची, एवढं मला चालतं. माझा विरोध होता तो कबुलीच्या सोहळ्याला.

बाकी क्लायंटचं काय? त्यावर कुणी बोलतच नाहीये. पार्टनरची खरी भीती ती आहे.

घटपट:

त्यावरही त्याच क्षेत्रातला किस्सा आहे. न्यूयॉर्कची सिटीकॉर्प बिल्डिंग, ५९ मजली, खांब कोपऱ्यांत नाहीत तर चारही बाजूंच्या मधोमध. इंजिनियर विल्यम लमेझ्युरिए. बिल्डिंग उभी राहिल्यावर १९७८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या शंकेमुळे त्यांनी कोपऱ्याकडून तिरका येणाऱ्या वाऱ्याचा हिशोब पुन्हा केला आणि लक्षात आलं की वेल्डिंगच्या जागी बोल्ट वापरलेले सांधे त्या ताणाला पुरणार नाहीत. विद्यार्थ्याला उडवून लावणं किती सोपं होतं! त्याऐवजी ते स्वतः मालकांकडे गेले, आणि पुढचे काही महिने रात्री-रात्री सांध्यांवर दोन इंची पोलादी पट्ट्या वेल्ड करण्यात गेले. वर त्यांचा व्यवसाय बुडाला नाही, विम्याचा हप्तासुद्धा वाढायच्या ऐवजी कमी झाला असं सांगतात.

तिरकीतान:

आणि लोकांना कधी कळलं?

घटपट:

१९९५ ला. एका साप्ताहिकात छापून आलं तेव्हा. १७ वर्षांनी. १९७८ मध्ये शहरातल्या वर्तमानपत्रांचा संप होता, ते पथ्यावर पडलं. आजूबाजूला राहणाऱ्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

तिरकीतान:

मग झालं की. क्लायंटला सांगितलं, पब्लिकला नाही. तुमच्या हीरोलाही सोहळा नकोच होता :)

उंबरठा:

तो हीरो आहे असं कोण म्हणतंय? बिल्डिंगखालून रोज जाणाऱ्यांना सांगायला नको होतं का? मला तर त्या गोष्टीतला अर्धाच भाग नम्रतेचा वाटतो, उरलेला अर्धा "आम्हाला कळतं, तुम्हाला कशाला सांगायचं" असाच आहे.

रात्रपाळी:

+१. पेशंटच्या नातेवाइकांशी अगदी असंच चालतं. डॉक्टर एकमेकांत सगळं कबूल करतात, दाराबाहेर आले की "कॉम्प्लिकेशन झालं".

कॉलम_बीम:

चार दिवस साइटवर होतो, सगळं आज सलग वाचलं. खूप आभार, विशेषतः झोडपणाऱ्यांचे.

उंबरठा, तुमच्या प्रश्नानंतर बोललो तिच्याशी. आधी केबिनमध्ये बोलावणार होतो, मग वाटलं तिला धडकी भरेल, म्हणून तिच्याच टेबलापाशी खुर्ची ओढून बसलो. विचारलं, तू परत का नाही आलीस? बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सर, तुम्ही इतक्या खात्रीने म्हणालात की मला वाटलं मीच चुकीची शीट बघतेय. मी परत जाऊन शीट उघडली, बीम नव्हते. मग वाटलं दुसऱ्या कुठल्यातरी शीटवर असतील. तीन वेळा शोधले."

तीन वेळा. जे बीम नव्हतेच ते ही मुलगी तीन वेळा शोधत होती, कारण मी आहेत म्हणालो. ती गप्प बसली नव्हती हो, मला बरोबर ठरवायच्या प्रयत्नात होती. हे ऐकल्यावर मला मीटिंगमधली कबुली फारच स्वस्तातली वाटायला लागली.

तेव्हा आता एक सुरू केलंय. कुणी ड्रॉइंगबद्दल विचारलं की आठवणीतून उत्तर द्यायचं नाही. आधी "कुठली रिव्हिजन?" विचारायचं, शीट उघडायची, त्या जागेवर बोट ठेवायचं आणि मग बोलायचं. मला जमेल त्या वेळी, लगेच नसेल तर दुपारी चारला, पण शीटशिवाय नाही. तिरकीतान, फुसक्या शंकांचा त्रास आहेच. परवाच तीच मुलगी शिअरच्या रिंगांबद्दल काहीतरी विचारायला आली, शंका चूक होती, शीट उघडून दाखवायला चार मिनिटं गेली. पार्टनर काचेतून बघत होता, घड्याळाकडे बघितलं त्याने.

क्लायंटला मी सांगितलं. मीच केला फोन. तो म्हणाला चार दिवस उशीर झालाच होता, त्याचं कारण तुमच्याकडूनच कळलं ते बरं झालं. पुढचं काम देईल की नाही माहीत नाही, अजून तरी काही बोललेला नाही. पार्टनर माझ्याशी बोलतोय, पण मोजून मापून.

तिरकीतान:

चार मिनिटं परवडतील. महिन्याभराने सांगा दिवसाला किती चार मिनिटं होतात ते, खरंच सांगा, मला कुतूहल आहे. आणि पार्टनरला एकदा बाहेर घेऊन जा, २२ वर्षांचं आहे.

रात्रपाळी:

"तीन वेळा शोधले" वाचून पोटात कालवलं. आम्हीही असंच करतो, डॉक्टरांनी सांगितलेलं लक्षण पेशंटमध्ये शोधत बसतो.

एक राहिलंच. आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी चेकलिस्ट असते, जागतिक आरोग्य संघटनेची, २००८ ची. तिच्यात सुरीला हात लावायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. सुरुवातीला सगळे हसायचे, रोजचेच तर लोक आहेत. पण आठ हॉस्पिटलांत ती चेकलिस्ट वापरून बघितली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आलं होतं, २००९ ला छापून आलं ते. नुसत्या नावांमुळे नाही अर्थात, बरंच काही असतं तिच्यात. पण ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितलंय तो पुढे "थांबा" म्हणायला कमी कचरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून विचारते. इतके दिवस आपण ट्रेनीबद्दल बोलतोय. स्लॅब अडवला कोणी? "असं मी बांधणार नाही" म्हणणारा तो फिटर. त्याला कुणी काही बोललं का?

कॉलम_बीम:

नाही.

नावसुद्धा माहीत नाही मला त्याचं. सुपरवायझरला आत्ता फोन केला होता, तो म्हणाला ते लोक आता दुसऱ्या साइटवर गेलेत, कुठे ते विचारून सांगतो.